दोन लाखांच्या आतली गाडी: स्वस्त कोणाला, महाग कोणाला?

‘२०११ मॉडेल, पेट्रोल, सेकंड ओनर, पेपर क्लिअर, १ लाख ३५ हजार, थोडं कमी-जास्त होईल.’ असे मेसेज सध्या आपल्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरताहेत. मुंब्रा असो, मालेगाव असो की मिरज, फोटो तोच: नुकतीच धुतलेली गाडी, सीटवर नवं कव्हर, डॅशबोर्डवर चमक. खाली दोन-चार जणांची विचारणा, ‘भाई, लास्ट किती?’

या गाड्या अचानक एवढ्या बाजारात का आल्या? एक कारण उघड आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, वरचा सेसही गेला. सगळ्यात छोट्या नव्या गाडीची शोरूम किंमत साडेतीन-पावणेचार लाखांच्या घरात उतरली. ज्यांची ऐपत होती त्यांनी जुनी विकून नवी घेतली. दुसरं कारण कमी बोललं जातं. पंधरा वर्षं पूर्ण होत आलेली गाडी ठेवणं आता महाग झालंय, म्हणून मालक ती मुदत संपायच्या आत दुसऱ्याच्या गळ्यात घालू पाहतात. तो दुसरा बहुतेक वेळा आपल्यासारख्या घरातला असतो.

आपल्या घरांत जुनी गाडी हौस म्हणून कमीच घेतली जाते. अब्बांचे गुडघे गेलेले असतात, त्यांना आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यायचं असतं. ईदला खेड-चिपळूणकडे जायचं तर सीझनमध्ये ट्रॅव्हल्सचं भाडं सहा माणसांसाठी परवडत नाही. आणि व्याजाचं कर्ज नको म्हणून रोखीत बसेल तेवढीच गाडी घ्यायची, असं ठरवलेली घरं पुष्कळ आहेत. ती भूमिका योग्यच आहे. शिवाय एवढ्या जुन्या गाडीवर बँका सहसा कर्ज देत नाहीत, आणि दिलं तर व्याज नव्या गाडीपेक्षा चढं. म्हणजे व्यवहार रोखीचा आणि साठवलेल्या पैशांचा. हिशेब चुकला तर तो भरून काढायला मागे काही उरत नाही. म्हणून हा हिशेब आम्ही कागदावर मांडून पाहिला.

आधी वयाची गोष्ट. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपली की आरटीओत गाडी तपासून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. या नूतनीकरणाला कारसाठी पूर्वी ६०० रुपये लागत. १ एप्रिल २०२२ पासून ते ५ हजार झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने आणखी एक पायरी घातली: गाडी वीस वर्षांपेक्षा जुनी असेल तर १० हजार. मुदत उलटून गेली तर कारला महिन्याला ५०० रुपये दंड वेगळा. महाराष्ट्रात पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर येतो, २०१० मध्ये तो लावला तेव्हा खासगी पेट्रोल कारला पाच वर्षांचे ३ हजार आणि डिझेलला साडेतीन हजार असा दर ठरला होता. एप्रिल २०१९ च्या आधीच्या प्रत्येक गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, तिचे ७४५ रुपये अधिक जीएसटी. विकणाऱ्याने ती बसवली नसेल तर तीही तुमच्याच माथी.

आता ती १ लाख ३५ हजारांची २०११ ची गाडी घ्या. नोंदणी संपलेली किंवा संपत आलेली. नूतनीकरण ५ हजार, पर्यावरण कर ३ हजार धरू, नंबर प्लेट पावणेनऊशे. तपासणीत पास व्हायचं तर गंजलेला पत्रा, फुटकी टेललाइट, हँडब्रेक नीट करावा लागतो, त्याचे नऊ हजार. टायर चारही संपलेले असतातच, विकणारा टायर नवे घालून कशाला विकेल? चार टायरांचे १४ हजार, बॅटरी साडेचार हजार. ऑइल, फिल्टर, ब्रेक पॅड, कूलंट धरून पहिली पूर्ण सर्व्हिस ८ हजार. नावावर करणं आणि एजंट ३ हजार. हजार सीसीपर्यंतच्या गाडीचा थर्ड पार्टी विमा २,०९४ रुपये, त्यावर जीएसटी, वर मालक-चालकाचं अपघाती कव्हर, मिळून २,९०० च्या आसपास. बेरीज ५० हजारांच्या वर जाते. सरकारी आकडे ठरलेले आहेत, बाकीचे गॅरेजप्रमाणे दोन-तीन हजार इकडे-तिकडे होतील. पण गाडी पहिल्यांदा निर्धास्त रस्त्यावर येईपर्यंत ती १ लाख ८५ हजारांची झालेली असते. जेवढी खिशात होती तेवढीच रक्कम गाडीवाल्याच्या हातावर ठेवणारा माणूस इथेच अडकतो. मग टायर ‘पुढच्या महिन्यात’, विमा ‘पगार झाल्यावर’. विमा नसताना पहिल्यांदा पकडलं तर दंड २ हजार, दुसऱ्यांदा ४ हजार. आणि अपघात झाला तर दंडाचं कोणी विचारतही नाही, भरपाईचं विचारतात.

पुढे दरवर्षीचं. समजा पाच वर्षं वापरली आणि शेवटी ४५ हजारांना गेली, तर वर्षाला २८ हजार नुसती किंमत घसरते. वर्षाला ६ हजार किलोमीटर चालली, शहरात चौदाचं अॅव्हरेज दिलं, पेट्रोल मुंबईत १०४ रुपये धरलं, तर इंधनाचे साडेचव्वेचाळीस हजार. विमा ३ हजार. वर्षातून दोन सर्व्हिस ७ हजार. अचानक निघणारी कामं, म्हणजे कधी क्लच, कधी रेडिएटर, कधी एसीचा कॉम्प्रेसर, यांना वर्षाला २० हजार बाजूला ठेवलेच पाहिजेत. एखादं वर्ष पाच हजारांत जाईल, पण त्याच्या पुढचं चाळीस खाईल. सगळं मिळून १ लाख अडीच हजार, म्हणजे किलोमीटरला १७ रुपये. पार्किंग आणि टोल यात नाही.

आता त्याच पैशात काय येतं ते बघा. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी किलोमीटरला २० रुपये ६६ पैसे घेते. म्हणजे सहा हजार किलोमीटर खरोखर चालवणाऱ्या घराला गाडी थोडी स्वस्त पडते. पण आपल्यातली किती गाडी वर्षाला सहा हजार चालते? बऱ्याच गाड्या आठवडाभर बिल्डिंगखाली उभ्या असतात, शुक्रवारी आणि लग्नाला निघतात. वर्षाला दोनच हजार किलोमीटर झाले तर पेट्रोल कमी होतं, बाकीचं फारसं होत नाही. टायर उभ्या गाडीचेही म्हातारे होतात, बॅटरी तर उभ्या गाडीची लवकर मरते. तो हिशेब आम्ही केला, वर्षाचा खर्च ६५ हजारांच्या जवळ गेला, किलोमीटरला ३२ रुपये. त्या घराने दवाखान्याला टॅक्सी आणि ईदला भाड्याची गाडी केली असती तर पैसे उरले असते. अर्थात रात्री दोन वाजता अम्मीला दम लागतो तेव्हा मुंब्र्यात टॅक्सी शोधणं काय असतं हेही आम्हाला ठाऊक आहे. त्या एका रात्रीची किंमत या कागदात बसत नाही. ज्यांच्या घरात तसा पेशंट आहे त्यांनी किलोमीटरचे रुपये मोजू नयेत, गाडी सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते की नाही ते बघावं.

हाच हिशेब २०१६ च्या गाडीला लावला तर मजेशीर गोष्ट दिसते. पावणेतीन लाखांना घेतली, सुरुवातीला २० हजार घातले, पाच वर्षांनी सव्वा लाखाच्या थोडी खाली गेली, तर घसरण वर्षाला ३५ हजार. पण अॅव्हरेज सोळाचं, इंधन ३९ हजार, अचानकची कामं दहा हजारांत. वर्षाला ९४ हजार, किलोमीटरला पावणेसोळा रुपये. दुप्पट किमतीची गाडी चालवायला स्वस्त. पंधराव्या वर्षाचा दरवाजा येईपर्यंत तुमचा उपयोग होऊन गेलेला असतो. ज्यांना दोन लाखच जमलेत त्यांना आम्ही सांगू, आणखी सहा-आठ महिने थांबा. ‘आज नाही घेतली तर जाईल’ असं एजंट म्हणेल. जाऊ दे.

पेट्रोलचा विषय निघालाच आहे तर इथेनॉलचंही बोलू, कारण यावर अफवा फार आहेत. २०२५ पासून देशभर पंपावर मिळतं ते मुख्यतः २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्यासाठी तयार केलेल्या गाड्या २०२३ पासूनच्या. जुन्या गाड्यांचं अॅव्हरेज ३ ते ६ टक्के घटू शकतं, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही मान्य केलं आणि काही जुन्या गाड्यांत रबरी भाग व गॅस्केट बदलावे लागतील, तो खर्च मोठा नाही, असंही सांगितलं. साधं पेट्रोल निवडायची मुभा द्या, ही मागणी घेऊन गेलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. ‘इंजिन महिन्यात बसतं’ हे खोटं आहे. पण पंधरा वर्षांच्या गाडीत इंधनाचे रबरी पाइप आधीच कडक झालेले असतात, तिथे गळती म्हणजे आगीची भीती. घेताना पाचशे-हजार घालून ते बदलून टाका. आणि गाडी तीन-चार महिने टाकी अर्धी ठेवून उभी करू नका, इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. आखाती देशात नोकरी करून वर्षातून एकदा गावी येणाऱ्या आमच्या कोकणी भावांना हे खास सांगणं.

भरवशाचं काय? जुन्या गाडीचा भरवसा कंपनीच्या नावापेक्षा ती कोणी आणि कशी वापरली यावर जास्त असतो. तरी काही ठोकताळे आहेत. छोटं पेट्रोल इंजिन, साधा गिअर, गल्लीतल्या मिस्त्रीला तोंडपाठ असलेली गाडी, हिचा सामान तालुक्याला मिळतो आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुना सामानही निघतो. याउलट ज्या कंपन्यांनी भारतात विक्रीच बंद केली, जसं शेवरोलेने २०१७ अखेर, फोर्डने उत्पादन २०२१ मध्ये थांबवण्याचं जाहीर केलं, डॅटसन २०२२ मध्ये गेली, त्यांच्या गाड्या आज खूप पडत्या भावात मिळतात. गाडी वाईट असते असं नाही, कित्येक तर दणकट आहेत. पण एखाद्या सेन्सरसाठी आठ दिवस गाडी गॅरेजला उभी राहिली तर अब्बांच्या दवाखान्याचं काय?

जुनी डिझेल तर आणखी जपून. रोज पन्नास-साठ किलोमीटर धंद्यासाठी चालवणाऱ्याला ती ठीक. घरगुती वापराला इंजेक्टर, टर्बो, पंप यांपैकी एक जरी गेला तरी वर्षभराचं वाचवलेलं डिझेल एका बिलात जातं. त्यात दिल्लीचा माल. तिथे दहा वर्षांवरची डिझेल आणि पंधरा वर्षांवरची पेट्रोल गाडी चालवण्यावर २०१५ आणि २०१८ च्या आदेशांपासून बंदी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारवाईला स्थगिती दिली, डिसेंबरमध्ये ते संरक्षण बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांपुरतं ठेवलं. त्यामुळे तिथल्या जुन्या गाड्या एनओसी काढून इतर राज्यांत येतात, आपल्याकडेही. गाडी वरून चकाचक आणि किंमत तीस-चाळीस हजारांनी कमी दिसते. पण महाराष्ट्रात नोंदणी, इथला रोड टॅक्स, आरटीओच्या फेऱ्या धरल्या की तो फरक संपतो. सीएनजी किट बाहेरून बसवलेली असेल तर ती आरसीवर चढलेली आहे का आणि सिलिंडरची तीन वर्षांची तपासणी झाली आहे का, हे दोन कागद बघितल्याशिवाय पुढे बोलूच नका.

पुरातल्या गाड्यांचा विषय आपल्या भागाला जास्त लागू. २२ जुलै २०२१ ला महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेलं, तेव्हा शेकडो गाड्या बुडाल्या. अशा गाड्या वाळवून, सीट धुऊन विकल्या जातात. वायरिंगमध्ये शिरलेलं पाणी वर्ष-दोन वर्षांनी बोलतं. कधी वायपर आपोआप चालू, कधी भर घाटात गाडी बंद. सीटचे पट्टे पूर्ण बाहेर ओढून बघा, शेवटच्या हातभर भागात मातीची रेघ राहते. पुढच्या सीटखालचे बोल्ट गंजलेत का बघा, गालिचा उचलून वास घ्या. समुद्राकाठच्या गाडीचा पत्रा खालून बघायला विसरू नका. दरवाज्याची खालची कड आणि मागच्या चाकाच्या वरची कमान बोटाने दाबली की कळतं.

किलोमीटरच्या आकड्यावर आमचा तरी विश्वास नाही. पंधरा वर्षांची गाडी आणि मीटरवर ४२ हजार? असू शकतं, पण मग क्लचच्या पॅडलचं रबर एवढं गुळगुळीत का? टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. गाडी बघायला जाताना आधी फोन करून सांगा की सुरू करू नका. थंड इंजिनच खरं बोलतं. सुरू करताना निळा धूर आला तर इंजिन ऑइल खातंय. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकट थर दिसला तर मिस्त्रीला विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका. मिस्त्री तुमचा हवा, विकणाऱ्याचा नाही. पाचशे-हजार रुपये देऊन न्या. आपल्या मोहल्ल्यांत उत्तम मिस्त्री आहेत, फुकट ‘जरा बघ रे’ म्हणून नेलं की तोही उभ्याउभ्या बघतो.

कागदांवर मात्र आपल्याकडे सगळ्यात जास्त ढिलाई. ‘ओळखीतला आहे, नावावर नंतर करू.’ आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी अशीच गाडी दूरच्या भाच्याला दिली, पैसे मिळाले, फॉर्म सह्या करून दिले, विषय संपला असं समजले. भाच्याने ती पुढे विकली, त्याने आणखी पुढे. दीड वर्षाने कुठल्यातरी अनोळखी शहरातली चलानं यांच्या मोबाइलवर यायला लागली, एकामागून एक. गाडी कुठे आहे हे भाच्यालाही सांगता येईना. निदान चलानंच होती. २०१८ मध्ये नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, गाडी चार हात फिरली असली तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. विमा नसलेल्या गाडीने कोणी दगावलं तर लाखोंची रक्कम त्या माणसाकडून वसूल होऊ शकते, ज्याने गाडी वर्षांपूर्वी विकली. त्यामुळे विकणाऱ्याने चौदा दिवसांत फॉर्म २९ ची खबर आरटीओला द्यावी, घेणाऱ्याने तीस दिवसांत फॉर्म ३० सह नाव लावून घ्यावं आणि विमाही लगेच आपल्या नावावर करावा. जुनं कर्ज असेल तर बँकेचा बोजा फॉर्म ३५ ने उतरलेला पाहिजे. परिवहनच्या अॅपवर नंबर टाकला की नोंदणीची मुदत, विमा, बोजा दिसतो आणि चलानंही तपासता येतात. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ते पैसे देण्याआधीचं आहे.

सरकारी धोरणाबद्दल आमचं म्हणणं थोडं वेगळं आहे. धूर कमी व्हायला हवा याला कोण नाही म्हणेल? त्या धुरात आपलीच मुलं राहतात, हायवेला लागून घरं आपलीच जास्त. पण फी वयावर लागते, गाडीच्या अवस्थेवर नाही. वर्षाला दोन हजार किलोमीटर चालणारी, नीट ठेवलेली पंधरा वर्षांची छोटी गाडी आणि त्याच वयाची रोज शंभर किलोमीटर धूर सोडत फिरणारी मोठी गाडी, दोघींची नूतनीकरणाची फी सारखीच. दहा हजार रुपये पंधरा लाखांची गाडी बदलून घेणाऱ्याला जाणवत नाहीत, लाखाची गाडी असलेल्याला ती किमतीच्या दहा टक्के असते. पंधरा वर्षांनंतर दरवर्षी कडक धूरतपासणी करा, नापास झाली तर बंद करा, पण पास झालेल्याकडून एवढी वाढीव वसुली का? गाडी भंगारात देणाऱ्याला नव्या गाडीच्या करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची तरतूद केंद्राच्या नियमात आहे, मात्र तिचा उपयोग नवी घेऊ शकणाऱ्यालाच. जो भंगारात देऊन पुन्हा जुनीच घेणार त्याच्या हातात फक्त पत्र्याचे पैसे.

मुंबई-ठाण्याच्या लोकांनी आणखी एका गोष्टीवर नजर ठेवावी. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर मुंबई महानगरात पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का हे तपासायला राज्याने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. अशा समितीतून उद्या दिल्लीसारखा वयाचा नियम निघाला तर पहिली झळ याच गाड्यांना. म्हणून महानगरात राहणाऱ्याने आज २०१० च्या आधीची, म्हणजे बीएस-४ च्या आधीची गाडी, कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये असं आमचं मत आहे. गावाकडे, रत्नागिरी-लातूरला, तीच गाडी तीन-चार वर्षं निघून जाईल.

आणि ईदला गावी निघणार असाल तर जुन्या गाडीचे कूलंटचे पाइप, फॅनबेल्ट आणि स्टेपनीची हवा आदल्या दिवशी नाही, आठवडाभर आधी बघून घ्या. आदल्या दिवशी सगळीच गॅरेजं भरलेली असतात, आणि कशेडीच्या वाटेवर बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दरवर्षी आपण पाहतोच.